मांजरातील मधुमेह : इन्सुलिनच्या मात्रेचे घरगुती नियोजन

बीजसंज्ञा : मांजर, मधुमेह, इन्सुलिन, रक्तशर्करा, नीचांक, अल्पशर्करा

प्रस्तावना :

मधुमेह हा माणसाच्या बैठ्या जीवनाचा विकार आहे अशी धारणा इतकी रूढ झाली आहे की, घरातल्या मांजरालाही तो होतो हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. वस्तुतः मांजराचा मधुमेह आणि माणसाचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांत विलक्षण साम्य आहे. मध्यम वयाची, वजनदार, घराबाहेर फारशी न पडणारी मांजरे आणि त्यांतही खच्चीकरण केलेले बोके या विकाराला अधिक बळी पडतात. माणूस आणि मांजर या दोघांच्याही स्वादुपिंडात अमायलिन या प्रथिनापासून बनलेला चिवट पदार्थ साठतो व इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी हळूहळू निकामी होत जातात. मांजर वारंवार पाणी पिऊ लागते, लघवीचे प्रमाण वाढते, भरपूर खाऊनही अंग वाळते आणि विकार जुना झाल्यास काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात.

इन्सुलिनचा शोध प्राण्यांच्या साहाय्यानेच लागला. १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १९२२ मध्ये हे औषध प्रथम माणसाला टोचले गेले. त्यानंतर अनेक दशके इन्सुलिन गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जात असे. गाईचे इन्सुलिन व मांजराचे इन्सुलिन यांत केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे, तर डुकराच्या इन्सुलिनशी तीन आम्लांचा. यामुळे गाईपासून मिळालेले इन्सुलिन मांजराला मानवत असे. १९८२ पासून जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले, प्राणिज इन्सुलिन मागे पडत गेले आणि मांजराच्या उपचारात माणसासाठी बनवलेली औषधे वापरण्याची गरज वाढली.

औषध मात्र सारा प्रश्न सोडवत नाही. पशुवैद्यांमध्ये झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मधुमेही पाळीव प्राण्यांपैकी दहापैकी सुमारे एकाला निदान होताच दयामरण दिले जाते आणि आणखी सुमारे एकाला पहिल्या वर्षाच्या आत, उपचार यशस्वी न झाल्यामुळे वा मालकाला ते न झेपल्यामुळे. याचा अर्थ असा की, या रोगात मांजराचे आयुष्य बऱ्याच अंशी मालकाच्या हातून होणाऱ्या उपचारावर अवलंबून असते. दर बारा तासांनी किती इन्सुलिन टोचायचे, ते केव्हा वाढवायचे आणि केव्हा कमी करायचे, या वरवर साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमाप घरी कशासाठी :

मांजर हा भित्रा व प्रदेशनिष्ठ प्राणी आहे. पिंजऱ्यात घालून त्याला दवाखान्यात नेले, अनोळखी माणसांनी धरले, शेजारी कुत्री भुंकत असली, की तणावामुळे त्याच्या रक्तातील शर्करा झपाट्याने चढते. निरोगी मांजराच्या रक्तातही अशा वेळी मधुमेहाला शोभेल इतकी शर्करा आढळू शकते. अशा आकड्यावर विसंबून मात्रा वाढवली तर घरी परतलेल्या, शांत झालेल्या मांजराला ती जड जाते. म्हणून प्रातिनिधिक आकडा मिळवायचा तर तो मांजराच्या नेहमीच्या जागी, म्हणजे घरीच मिळवला पाहिजे.

यासाठी लागणारी पद्धत झुरिच येथील पशुवैद्यकांनी २००० च्या सुमारास विकसित केली. कानाच्या पाळीच्या कडेला बारीक सुई टोचून निघालेला रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घ्यायचा, एवढेच ते कौशल्य होय. कान आधी कोमट कापडाने शेकला तर थेंब सहज येतो. बहुतेक मांजरे काही दिवसांत याला सरावतात, विशेषतः टोचल्यानंतर खाऊचा तुकडा मिळत असल्यास. अलीकडे माणसांसाठी बनवलेले, त्वचेवर चिकटवून चौदा दिवसांपर्यंत शर्करा टिपत राहणारे संवेदकही मांजरांवर वापरले जातात. मात्र मांजराच्या अंगावरून ते बरेचदा मुदतीपूर्वीच निघून येतात.

येथे आपल्याकडील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात ग्लुकोमीटर बहुधा आधीपासूनच असतो. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी मधुमेह असतोच. तोच मांजरासाठी वापरण्यास हरकत नाही, परंतु तो काय दाखवतो हे समजून घ्यावे लागते. माणसाच्या रक्तात ग्लुकोजचा मोठा हिस्सा लाल पेशींत असतो, मांजराच्या रक्तात मात्र तो जवळजवळ सगळा द्रवभागात असतो. यामुळे मानवी मीटर मांजराची शर्करा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. प्राण्यांसाठी जुळवलेले मीटर वेगळे मिळतात. कोणताही वापरला तरी उपचाराच्या मध्येच मीटर बदलू नये आणि कोणत्या मीटरचा आकडा आहे हे पशुवैद्यांना सांगावे, कारण मार्गदर्शक मर्यादा मीटरच्या प्रकारानुसार बदलतात.

नीचांकाचे महत्त्व :

घरी मोजू लागलेल्या मालकाची पहिली चूक बहुतेक वेळा एकच असते. सकाळी टोचण्यापूर्वी तो शर्करा मोजतो, आकडा मोठा दिसतो आणि तो मात्रा वाढवतो. हा आकडा मागच्या मात्रेचा प्रभाव ओसरल्यानंतरचा असतो. मात्रा ठरवायची ती दोन मात्रांच्या मधल्या बारा तासांत शर्करा सर्वांत खाली कोठवर गेली यावरून. या सर्वांत खालच्या आकड्याला येथे नीचांक म्हटले आहे. तो शोधण्यासाठी एक दिवस दर दोन तासांनी शर्करा मोजून तिचा आलेख काढतात.

तीन कल्पित मांजरांचे आलेख घेऊन हे स्पष्ट करता येईल. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत. पहिल्या मांजराची शर्करा सकाळी ३८०, नंतर ३५०, ३३०, ३२०, ३३०, ३६० आणि संध्याकाळी ३७० आहे. नीचांक ३२०, मात्रा अपुरी आहे, ती थोडी वाढवणे योग्य. दुसऱ्याची सकाळी ३६०, मग ३००, १९०, ९५, १३०, २४० आणि संध्याकाळी ३४०. केवळ सकाळ-संध्याकाळचे आकडे पाहिले तर ही दोन्ही मांजरे सारखीच भासतात. परंतु दुसऱ्याचा नीचांक ९५ आहे. त्याची मात्रा वाढवली तर दुपारच्या सुमारास ते बेशुद्ध पडू शकते. त्याच्या बाबतीत प्रश्न मात्रेचा नसून कालावधीचा आहे : वापरात असलेले इन्सुलिन बारा तास पुरत नाही. येथे इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा विचार पशुवैद्यांनी करावयाचा असतो. तिसऱ्या मांजराची सकाळची शर्करा २५०, त्यानंतर १५०, ७० आणि सहाव्या तासाला ५२. सकाळचा आकडा चढा असूनही त्याची मात्रा कमीच केली पाहिजे.

सर्वसाधारणपणे नीचांक ८० ते १५० च्या दरम्यान राहावा असे अमेरिकन पशुरुग्णालय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निरोगी मांजराइतकी शर्करा दिवसभर राखणे हे बहुतेक घरांत उद्दिष्ट नसतेच. शर्करा सुमारे २५० च्या वर गेली की मांजराच्या मूत्रपिंडातून ती लघवीत उतरू लागते व तहान वाढते. त्यामुळे दिवसाचा बराच काळ ती या सीमेखाली राहिली तर मांजर सुखी दिसते, वजन धरते. पाण्याचे भांडे किती वेळा भरावे लागते, वाळूच्या पेटीतले गठ्ठे केवढे होतात, दर आठवड्याचे वजन किती, या नोंदींना मीटरच्या आकड्याइतकेच मोल आहे.

वाढवताना सावकाश, कमी करताना तत्काळ :

मांजराला सुरुवातीस साधारणतः एक युनिट, मोठ्या मांजराला फार तर दोन युनिट, दर बारा तासांनी दिले जाते. पुढील वाढ अर्ध्या युनिटाने, क्वचित पाव युनिटाने आणि प्रत्येक वाढीनंतर पाच ते सात दिवस थांबून करावयाची असते. हे थांबणे अनेकांना जड जाते. रोज चढे आकडे डोळ्यांसमोर असताना हात आखडणे सोपे नाही, आणि प्रेमाने वागणारा मालकच येथे अधिक चुकतो.

या थांबण्यामागे औषधाचे स्वरूप आहे. ग्लार्जिन हे २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इन्सुलिन कुपीत आम्लयुक्त असते. त्वचेखालच्या उदासीन ऊतींत शिरताच त्याचे सूक्ष्म कण गोठतात आणि तेथून ते मंदगतीने विरघळत राहते. एका मात्रेचा अवशेष पुढच्या मात्रेत मिसळतो आणि स्थिर परिणाम दिसायला काही दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी मात्रा वाढवणारा माणूस आधीच्या मात्रेचा पूर्ण परिणाम पाहण्यापूर्वीच नवी मात्रा चढवत असतो. याच कारणामुळे ग्लार्जिनमध्ये पाणी वा अन्य इन्सुलिन मिसळून ते पातळ करणे निषिद्ध आहे. आम्लता बदलली की त्याचा गुणधर्मच हरपतो.

उलट, मात्रा कमी करताना थांबायचे नसते. नीचांक ८० च्या खाली आला तर पुढच्या मात्रेपूर्वी पशुवैद्यांशी बोलून ती कमी करावी. ६० च्या खाली आला किंवा लक्षणे दिसली तर ती बहुधा निम्म्यावर आणली जाते. एक दिवस शर्करा चढलेली राहण्याने मांजराचे फारसे बिघडत नाही. एक दुपार ती फार उतरलेली राहिली तर मेंदूला इजा होऊ शकते. टोचताना मांजर हलले, औषध थोडे केसांवर सांडले, किती आत गेले हे कळत नाही, अशा वेळीही पुन्हा टोचू नये. घरातील दोन व्यक्तींनी एकमेकांना न सांगता टोचल्याने होणारा अपघात तर अगदी साधा आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करण्याच्या सवयीने तो टळतो.

शर्करा फार उतरली की शरीर तिला उलट वर ढकलते, म्हणून चढा आकडा हा जास्त मात्रेचाच परिणाम असावा, अशी एक उपपत्ती मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात माणसांच्या संदर्भात मांडली होती. मांजरांच्या उपचारात ती दीर्घकाळ सांगितली गेली. ग्लार्जिनवरील मांजरांच्या हजारो आलेखांच्या तपासणीत मात्र असा उलटा उसळा क्वचितच आढळला. तेव्हा प्रत्येक चढ्या आकड्याला ही उपपत्ती लावणे युक्त नव्हे; शंका असेल तर आलेख काढून नीचांक पाहणे हाच मार्ग होय.

कुपी आणि सिरिंज :

मात्रेच्या चर्चेत हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु भारतातील घरांच्या दृष्टीने तोच सर्वांत धोक्याचा आहे. आपल्याकडे माणसांसाठीचे साधे इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरमध्ये ४० युनिट या प्रमाणाच्या कुपीत मिळते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. ग्लार्जिन प्रायः १०० युनिट प्रमाणाचे असते आणि त्याच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. १०० प्रमाणाचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या खुणेपर्यंत भरले तर मांजराच्या अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. उलट अदलाबदल झाल्यास एकच्या खुणेला केवळ ०.४ युनिट जाते व मांजर उपचाराविना राहते. पहिली चूक प्राणघातक ठरू शकते. दुसरीही कमी फसवी नाही : शर्करा उतरत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली जाते आणि एके दिवशी औषधाच्या दुकानातून योग्य सिरिंज आली की तीच मात्रा अडीचपट होते.

शंभर प्रमाणातील एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, पाण्याच्या साध्या थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज वापरणे इष्ट. हवेचा एक बारीक बुडबुडाही या प्रमाणात मोठा ठरतो. आणखी एक सूचना अनाठायी ठरू नये : फ्रिजच्या दारात ठेवलेले आजोबांचे ३०/७० मिश्र इन्सुलिन हे मांजराच्या इन्सुलिनचा पर्याय नव्हे. त्यातील जलद भाग मांजराची शर्करा एकदम खाली आणतो आणि दोन्ही कुप्या शेजारी ठेवल्या की चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

आहार बदलला की मात्रा बदलते :

मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थांतून आलेली शर्करा वेगाने हाताळण्याची यकृतातील यंत्रणा त्याच्याजवळ दुबळी आहे. आपल्याकडे मांजर म्हटले की दूधभात वा दूधपोळी हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. उंदीर-पाली मारून उरलेले पोट भरणाऱ्या वाड्यातल्या मांजराला ते चालूनही गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत लोळणाऱ्या बोक्याची गोष्ट वेगळी. कोरड्या तयार खाद्यातही पिष्टाचे प्रमाण बरेच असते. मधुमेही मांजराला प्रथिनप्रधान, अल्पपिष्ट, शक्यतो ओला आहार सुचवला जातो.

हा बदल हितकारक असला तरी तो इन्सुलिन चालू असताना परस्पर करणे घातक आहे. ताटातले पिष्ट कमी होताच इन्सुलिनची गरज काही दिवसांतच लक्षणीय घटू शकते आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त होते. म्हणून आहारबदल हळूहळू, पशुवैद्यांना कळवून आणि त्या काळात मोजमाप वाढवूनच करावा. हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू आहे. दातांचा वा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, स्टेरॉइडची गोळी वा मलम यांमुळे गरज वाढते आणि ते कारण दूर होताच पुन्हा खाली येते.

शर्करा उतरल्यास :

मांजर अकारण लपून बसणे, झोकांड्या खाणे, एकाएकी अधाशीपणे खाऊ लागणे, थरथरणे, नजर हरवणे, झटके येणे ही अल्पशर्करेची लक्षणे होत. शुद्धीवर असलेल्या मांजरास ताबडतोब खाऊ घालावे. ते खात नसेल तर साखरेचा पाक, मध किंवा भिजवलेली ग्लुकोजची पूड बोटाने हिरड्यांना चोळावी. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. थोडी सुधारणा दिसली तरी दवाखाना गाठावा. टोचलेले इन्सुलिन अजून काम करतच असते.

मांजर खात नसेल तर पूर्ण मात्रा टोचू नये. किती द्यावी हे पशुवैद्यांना विचारावे. मात्र खाणे सोडलेल्या, ओकणाऱ्या, मलूल मधुमेही मांजराचे इन्सुलिन नुसते बंद करून घरी वाट पाहणेही योग्य नव्हे. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साचून ते आम्लयुक्त होते, आणि ही अवस्था त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याची असते.

मात्रा वाढूनही गुण न आल्यास :

काही मांजरांत मात्रा सहा-सात युनिटांच्या पुढे गेली तरी शर्करा हलत नाही. अशा वेळी आणखी वाढवत राहण्यापेक्षा कारण शोधावे लागते. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमध्ये बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांच्या तपासणीतून, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सुमारे चौथ्या हिश्शात मस्तिष्कतळाच्या पियुषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अतिरिक्त स्रवत असल्याचे अनुमान निघाले. हे संप्रेरक इन्सुलिनला निष्प्रभ करते. अशा मांजराचा मालक मोजमापात वा टोचण्यात चुकत नसतो.

इन्सुलिनला पर्याय म्हणून लघवीवाटे शर्करा बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन व वेलाग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे द्यायची औषधे अमेरिकेत अनुक्रमे डिसेंबर २०२२ व ऑगस्ट २०२३ मध्ये मांजरांसाठी मान्य झाली. ती पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या, अन्यथा धडधाकट मांजरांसाठी आहेत. त्यांत मात्रा जुळवण्याचा खटाटोप नाही. परंतु शर्करेचा आकडा चांगला असतानाही कीटोन साचण्याचा धोका असतो.

इन्सुलिनमुक्तीची शक्यता :

मांजराच्या मधुमेहाचा सर्वांत आशादायक विशेष असा की, तो काही मांजरांत मागे हटतो. रक्तातील अतिरिक्त शर्करा स्वतःच बीटा पेशींना दडपून टाकते. ती आटोक्यात आली की उरलेल्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील जॅकी रँड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या चोवीस मांजरांचे आठ-आठचे तीन गट केले होते. ग्लार्जिनच्या गटातील आठही मांजरांचे इन्सुलिन सुटले, इतर दोन प्रकारच्या इन्सुलिनवर अनुक्रमे तीन व दोन मांजरांचे. संख्या लहान आहे, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी जर्मनीतील कर्स्टेन रूम्प व रँड यांनी, मालकांनी घरीच दिवसातून अनेकदा मोजून मात्रा जुळवलेल्या ५५ मांजरांचे निष्कर्ष मांडले. ६४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशिरा सुरू केलेल्यांत ३५ टक्के. त्या मालकांची चिकाटी व मोजमापाची वारंवारिता असामान्य होती. दिवसातून एकदा मोजणाऱ्या घराने त्यांच्या मर्यादा उचलणे धोक्याचे ठरेल. तरीही वेळेचे महत्त्व या आकड्यांतून लपत नाही.

आणि येथेच मात्रेचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. बीटा पेशी सावरू लागल्याची वार्ता बहुधा अल्पशर्करेच्या रूपानेच येते. महिनाभर दोन युनिटांवर स्थिर असलेले मांजर एके दिवशी दुपारी ६० दाखवते, पुढच्या आठवड्यात दीड युनिटावरही ७०. मालकाला वाटते, काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात मांजर सुधारत असते आणि जुनी मात्रा तशीच चालू ठेवणे हाच या टप्प्यावरचा मुख्य धोका असतो. मात्रा एक, अर्धा, असे उतरत नेली जाते. अर्ध्या युनिटावरही शर्करा निरोगी मर्यादेत राहिली तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने इन्सुलिन थांबवून पाहतात. त्यानंतर निदान चार आठवडे इन्सुलिनविना शर्करा व प्रकृती ठीक राहिली तरच मांजर इन्सुलिनमुक्त मानले जाते. अशा मांजरांपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा पुढे पुन्हा मधुमेही होतो. म्हणून मीटर फेकून न देता आठवड्यातून एखादा थेंब तपासत राहावे लागते, वजन आटोक्यात ठेवावे लागते आणि कोणत्याही आजारात स्टेरॉइड लिहून देण्यापूर्वी हा पूर्वेतिहास नव्या पशुवैद्यांना आठवणीने सांगावा लागतो.